चहानंतरच्या रेघा

सुप्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या शिफ्टची सुपरवायझर होऊन पंकजा ढाकणेला चार महिने झाले होते, आणि चारही महिने तिच्या शिफ्टचं नाव बोर्डावर तळाला होतं.

बोर्ड कारखान्याच्या दारातच होता. आल्या-गेल्याला दिसावा म्हणूनच तिथं लावलेला. मॅनेजर सुनील डोंगरे यांनी मोठ्या हौसेनं तो करून घेतला होता. तीन शिफ्टची तीन नावं आणि प्रत्येकीसमोर महिन्यात खराब निघालेले नग आणि फोडलेल्या गोण्या. कारखान्यात गाड्यांच्या इंजिनाजवळ बसणारी नायलॉनची झाकणं बनायची. कच्चा माल म्हणजे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे, पंचवीस किलोच्या गोणीत येणारे. ज्या शिफ्टनं गोणी फोडली तिच्याच नावावर ती पडायची. कमी गोण्यांत जास्त चांगला माल काढील तो पहिला. पहिल्या शिफ्टचे भागवत सलग अकरा महिने पहिले होते. तिसऱ्या शिफ्टचा कल्याण मधे लटकलेला असायचा, आणि त्याच्या खाली पंकजा.

जामखेडकडच्या तिच्या गावातून शिकून कारखान्यात सुपरवायझर झालेली ती पहिली मुलगी. आई-वडील दिवाळीनंतर बेलापूरकडं ऊसतोडीला निघाले की ती वसतिगृहात राहायची. तशीच राहून दहावी झाली, डिप्लोमा झाला. त्यामुळं रोज दारातून आत शिरताना तो तळाचा नंबर तिला जिव्हारी लागायचा. ती मान खाली घालून हजेरी लावायची आणि मशीनकडं चालायला लागायची.

त्यात भादव्यात चाकणच्या एका मोठ्या गाडी कंपनीची नवी ऑर्डर दाराशी आली. मोठं झाकण, सात नंबरच्या मशीनवर बनणारं. पण ऑर्डर पक्की व्हायच्या आधी त्यांची माणसं गुरुवारी येऊन समोर बसणार होती. पाचशे नग सलग काढून दाखवायचे, आणि त्यात पाचाच्या वर खराब निघाले तर विषय संपला. त्या घडीला सात नंबरवर पाचशेत तीस खराब निघत होते. गुळगुळीत काळ्या झाकणावर मधेच चंदेरी रेघा उमटायच्या, गोगलगाय चालून गेल्यासारख्या.

सुनील साहेबांनी केबिनमध्ये दोनदा मीटिंग घेतली. भागवत म्हणाले, आमच्याकडं रेघा फारशा नाहीत, बाकीच्यांचं बघा. कल्याण म्हणाला, मशीन आमच्या हातात येतं तेव्हाच बिघडलेलं असतं. पंकजा म्हणाली, साचा थंड ठेवणारं पाणी तपासायला हवं. साहेबांनी पाणी तपासायला सांगितलं, तापमान पाच अंशांनी वाढवायला सांगितलं आणि सगळ्यांनी जबाबदारीनं काम करा म्हणून मीटिंग संपवली. रेघा होत्या तिथंच राहिल्या.

शुक्रवारी संध्याकाळी पंकजा तपासणीच्या टेबलापाशी उभी होती. तिथं छबूबाई बसायच्या. वय पन्नाशीच्या पुढं, ठेकेदाराकडून आलेल्या, सहा वर्षं एकाच ट्यूबलाइटखाली झाकण फिरवून फिरवून बघण्यात गेलेली. पंकजा वैतागून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. छबूबाईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं.

"च्या झाला का रेघा येत्यात बघ," त्या म्हणाल्या.

पंकजाला आधी हसू आलं. मग ते ओठांवरच थांबलं. तिनं स्टूल ओढून घेतलं आणि नीट विचारलं. छबूबाईंनी जे सांगितलं ते असं: शिफ्ट सुरू झाल्यावर दोन-अडीच तास माल एकदम चोख येतो. चहाची सुट्टी झाली की रेघा सुरू होतात. तासभर राहतात न्‌ आपोआप जातात. पहिल्या शिफ्टला ओव्हरटाइम केला तेव्हाही तसंच, फक्त तिथं कमी.

"मावशी, हे कुणाला सांगितलं होतं का?"

"तुज्या आदीच्या सायबाला सांगितलं हुतं. तो म्हनला, तुमी नग बघा, घड्याळ नका बघू. मंग न्हाई बोलले."

तिनं छबूबाईंना प्रत्येक तासाचे खराब नग वेगळ्या क्रेटमध्ये टाकायला सांगितले. कल्याणला फोन करून तेच करायची विनंती केली. तो आधी कुरकुरला, पण सकाळी त्यानं क्रेटचे फोटो पाठवले. चौथ्या तासाचा क्रेट भरलेला, आधीचे जवळपास रिकामे. शनिवारी ती आपल्या वेळेच्या सहा तास आधी कारखान्यात आली आणि भागवतांच्या शिफ्टला लांबून बघत उभी राहिली. साडेनऊला चहा झाला. दहाच्या सुमाराला पहिली रेघ आली.

म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं, आणि माणसंही आळशी नव्हती. तिन्ही शिफ्टला एकच आजार ठरल्या वेळी येत होता. पंकजानं मान वर केली. ती मशीनच्या डोक्यावर बसवलेल्या सुकवणीच्या टाकीकडं बघत राहिली. नायलॉनचा दाणा हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून तो आधी या टाकीत गरम हवेवर सुकवतात. वर ओतलेला दाणा खाली मशीनच्या तोंडाशी पोचायला अडीच तास लागतात. चहानंतर जी रेघ दिसते ती शिफ्टच्या सुरुवातीला ओतलेल्या मालाची. मग शिफ्टच्या सुरुवातीला आपण ओततो काय?

उत्तर तिला ठाऊक होतं. इतकं ठाऊक की कानशिलं तापली.

ती गोण्यांच्या थप्पीमागं गेली. भिंतीच्या फटीत तिची अर्धी गोणी होती, काल तिनंच लपवलेली, तोंड उघडं. गोणी आपल्या नावावर फोडलेली असताना उरलेला अर्धा माल पुढच्या शिफ्टला फुकट का द्यायचा? दुसऱ्या दिवशी येऊन आपणच तो पहिल्यांदा ओतायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बोर्डानंच शिकवलं होतं. ती पुढं सरकली. शटरच्या बाजूला खोक्यांमागं आणखी एक अर्धी गोणी निघाली, वर कल्याणच्या माणसानं जुना बॅनर टाकलेला. तिसरी शोधायला वेळ लागला. ती शिडीखाली होती, सकाळी ओतून थोडी उरलेली, आणि तिचं तोंड सुतळीनं दोनदा आवळून बांधलेलं होतं. ही भागवतांची.

भादव्यातली झिमझिम, शटरमधून येणारा वारा, आणि सोळा तास तोंड वासून पडलेला माल. त्यानं पाणी ओढायचं नाही तर काय करायचं? ज्या बोर्डावर खराब नग मोजले जात होते, तोच बोर्ड खराब नग पैदा करत होता. हे लक्षात आलं आणि पंकजाला तिथंच, गोण्यांमधे उभ्या-उभ्या हसू फुटलं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि सांगायचं कसं ते कळत नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे आधी आपली लपवलेली गोणी दाखवायची.

रविवारी सुट्टी होती. तिनं आईला, लंकाबाईला फोन लावला. कारखान्यातलं सगळं तिला कळण्यासारखं नव्हतं, पण पंकजानं सांगितलं की तिघंही एकमेकांपासून लपवतोय आणि तिघांचंही नुकसान होतंय. लंकाबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"आमी फडात ऊस तोडायचो तवा कोन किती तोडतंय त्याची चुरस हुतीच की," त्या म्हणाल्या. "पर साप दिसला तर वरडून सांगायचो. कुनाच्या बी पातीत असंना. तिथं न्हाई लपवायचं."

सोमवारी पंकजानं कल्याणला तीन वाजता बोलावून घेतलं. त्याची वेळ नव्हती, तरी आला. पहिली शिफ्ट सुटायची आणि दुसरी लागायची त्या मधल्या पंधरा मिनिटांत तिनं सगळ्यांना केबिनमध्ये नाही, सात नंबरपाशीच गोळा केलं. छबूबाईंनाही. मग थप्पीमागं जाऊन आपली अर्धी गोणी ओढत आणली आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

ती म्हणाली, ही माझी. चार महिने मी रोज लपवतेय. या मालामुळं माझ्या रेघा येतात. तुमच्या गोण्या कुठं आहेत ते मला माहीत आहे, पण मी आणणार नाही. मग तिनं छबूबाईंना त्यांचं चहाचं गणित सांगायला लावलं. छबूबाई आधी पदराशी चाळा करत बोलल्या, मग क्रेट दाखवताना आवाज मोकळा झाला.

कल्याण खाली बघत होता. मग तो वळला आणि बॅनरसकट आपली गोणी घेऊन आला.

भागवत मात्र हलले नाहीत. बावन्न वर्षांचा माणूस, पारनेरकडचा, अठरा वर्षं साच्यांवर काम केलेला. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. तिच्यात प्रत्येक साच्याचं तापमान, पाण्याचा वेग, माल किती तास सुकवायचा, सगळं टिपलेलं. ती डायरी कुणी बघितली नव्हती.

"समदं सांगून टाकलं," भागवत सावकाश म्हणाले, "तर उद्या मला कोन इचारील?"

प्रश्न खरा होता. पंकजाला खोटं उत्तर द्यायचं नव्हतं. ती म्हणाली, "आज तुम्हाला कोण विचारतंय, भाऊ? मी चार महिने तळाला आहे. तरी तुम्हाला विचारायची माझी हिंमत झाली नाही. बोर्डावर तुम्ही माझ्या विरुद्ध बाजूला होता. तुम्ही शिकवायला उभे राहिलात तर मी पहिली येऊन बसेन."

शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला, पण भागवतांच्या शिफ्टमधलं कुणी गेलं नाही. शेवटी त्यांनी शिडीखालची गोणी आणायला माणूस पाठवला आणि स्वतः खिशात हात घातला. ओला झालेला माल अडीच तासांत सुकत नाही, आधी वेगळा सहा तास सुकवायचा, ते म्हणाले. टाकीचं झाकण अर्ध्यावर ठेवायचं नाही. आणि साच्याचं पाणी पावसाळ्यात फार थंड ठेवलं तर साच्याला घाम येतो. कल्याण मोबाईलवर लिहून घ्यायला लागला. भागवतांनी त्याला थांबवलं, आधी हात लावून बघ म्हणाले, आणि त्याचा तळहात साच्याजवळ नेला.

पुढचा डोंगर सुनील साहेबांचा होता. पंकजा त्याच संध्याकाळी केबिनमध्ये गेली. बोर्डाचं ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. हा बोर्ड त्यांनी मालकांना दाखवला होता, शाबासकी मिळवली होती. चुरस काढून टाकली तर लोक ढिले पडतील, असं त्यांचं म्हणणं. पंकजा म्हणाली, चुरस राहू द्या, पण शिफ्टची शिफ्टशी नको. सात नंबरचा चोवीस तासांचा एकच आकडा लिहा, आणि तो कालच्यापेक्षा कमी झाला का तेवढं बघा. अर्धी गोणी पुढच्या शिफ्टला हातात द्यायची आणि कुणी, कधी, काय ओतलं ते एका वहीत लिहायचं.

हे त्यांनी नाखुशीनं का होईना मान्य केलं. दुसरी गोष्ट जड गेली. मशीन थांबवायचं तर साहेबांना विचारावं लागे. मागच्या आठवड्यात साहेब नगरला गेले होते, फोन लागत नव्हता, आणि डोळ्यांदेखत दीड तास रेघांचाच माल पडत राहिला होता. पंकजानं त्या दिवसाचे नग टेबलावर ठेवले. नव्वद होते. छबूमावशीला पहिल्याच नगाला कळलं होतं, ती म्हणाली, पण बटण दाबायची परवानगी नव्हती.

साहेब ते नग एकेक करून फिरवत बसले. मग म्हणाले, गुरुवारपर्यंत करून बघा. ज्याला रेघ दिसेल त्यानं थांबवायचं.

मंगळवारी चोवीस तासांत खराब नग निम्म्यावर आले. बुधवारी संध्याकाळी छबूबाईंनी पाचशे नग मोजले आणि सात बाजूला काढले. पाचाच्या आत अजून यायचं होतं, पण कारखान्यात वारं बदललं होतं. सुटी झालेली माणसं घरी जायची सोडून सात नंबरपाशी रेंगाळत होती. बोर्डावरची तीन नावं कुणीतरी पुसली होती आणि तिथं एकच मोठा आकडा लिहिला होता. येणारा प्रत्येक जण आधी तो बघत होता.

गुरुवारी सकाळी साडेआठला चाकणच्या आरती मॅडम आणि त्यांचा एक सहकारी मशीनसमोर खुर्च्या टाकून बसले. भागवत मशीनवर, छबूबाई तपासणीला, पंकजा वहीपाशी. कल्याणची शिफ्ट सातलाच सुटली होती, पण तो गेला नव्हता. सुनील साहेब हाताची घडी घालून मागं उभे. पहिलं झाकण पडलं, छबूबाईंनी फिरवून ठेवलं, मॅडमनी आकडा लिहिला.

शंभर झाले, एकही खराब नाही. एकशे चाळिसाव्याला छबूबाईंचा हात थांबला. त्यांनी झाकण उजेडात धरलं, परत धरलं, आणि उठून लाल बटण दाबलं. मशीन गप झालं. पंकजानं धावत जाऊन झाकण घेतलं आणि अंगठा फिरवला. रेघ निघून आली. हातमोज्याचा पांढरा धागा होता.

छबूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मशीन मधेच थांबलं की परत लय धरायला दहा मिनिटं जातात, पहिले चार-पाच नग टाकून द्यावे लागतात, आणि तेही पाहुण्यांसमोर. सगळ्यांचे डोळे साहेबांकडं गेले. आता हा माणूस ओरडला तर चार दिवसांचं सगळं पाण्यात, हे तिला कळत होतं. यानंतर कुणी बटणाकडं बघणारही नाही.

साहेबांनी झाकण हातात घेतलं. "धागा होता ना?" ते म्हणाले. "ठीक आहे. सुरू करा. आणि मावशी, परत शंका आली तर परत थांबवा."

मॅडमनी मान वर करून साहेबांकडं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. टाकलेले नग मोजणीत धरले नाहीत. मशीन पुन्हा चालू लागलं.

तीनशेपर्यंत एकच खराब निघाला, साध्या ओरखड्याचा. साडेबारा वाजले. तीनशे बाराव्या नगाला छबूबाई परत उठल्या. या वेळी त्यांनी उजेडात दोनदा धरलं नाही. बटण दाबलं आणि झाकण पंकजाच्या हातात दिलं. केसाएवढी बारीक, पण रेघ होती. अंगठ्यानं जात नव्हती. हा दुसरा खराब.

पंकजानं वही उघडली. साडेबारातून अडीच तास मागं म्हणजे दहा वाजता. दहाला एक नवी गोणी ओतल्याची नोंद होती, भागवतांच्या माणसाच्या अक्षरात. ती बोलायच्या आत कल्याण रिकाम्या गोण्यांच्या ढिगाकडं पळाला होता. त्यानं ती गोणी हुडकून उलटी केली. तळाच्या शिवणीला बोटभर भोक होतं. कारखान्यात येण्याआधीच ती फाटलेली असणार.

म्हणजे टाकीत आता तासाभराचा ओला माल होता. तो तसाच चालवला असता तर ऐंशी-नव्वद नगांचा बळी गेला असता.

पुढची पंचवीस मिनिटं पंकजाला नंतर कितीदा तरी आठवली. कुणी कुणाला विचारत नव्हतं. भागवतांनी टाकीचं खालचं तोंड उघडून माल काढायला घेतला. कल्याण म्हणाला, चार नंबरच्या टाकीत आपण पहाटेपासून माल सुकवत ठेवलाय, सहा तास झालेत, लागला तर असावा म्हणून. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन माणसं तो माल झाकलेल्या डब्यांतून पळवत आणत होती. भागवत ओरडून पाण्याचं तापमान सांगत होते आणि पंकजा ते लावत होती. सुनील साहेबांनी कोट काढला आणि डबे धरायला खाली बसले. आरती मॅडम खुर्ची सोडून जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मशीन सुरू झालं. पहिले पाच टाकले. सहावं झाकण छबूबाईंनी फिरवलं, पालथं केलं आणि ठेवून दिलं. सातवं, आठवं. साडेतीनशे. चारशे. चारशे साठला एक ओरखडा, तिसरा खराब. दुसऱ्या शिफ्टची माणसं येऊन मागं उभी राहिली आणि आपसात हळू आवाजात मोजू लागली. चारशे नव्वदला चौथा निघाला, कडेला फुगीर. आता एकच शिल्लक. चारशे अठ्ठ्याण्णव. चारशे नव्व्याण्णव. शेवटचं झाकण छबूबाईंनी मुद्दाम जास्त वेळ धरलं, किंवा पंकजाला तसं वाटलं. मग त्यांनी ते चांगल्या नगांत ठेवलं.

मॅडमनी आकडे परत एकदा तपासले. पाचशेत चार. शेडमध्ये जो आवाज झाला तो बाहेर चहाच्या टपरीपर्यंत गेला म्हणतात.

निघताना आरती मॅडमनी छबूबाईंचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. त्या साहेबांना म्हणाल्या, चार खराब असलेले कारखाने मला पुष्कळ भेटतात. चुकीनं थांबवल्यावर माणसाला न ओरडणारा कारखाना कमी भेटतो. ऑर्डर पक्की झाल्याचं पत्र सोमवारी आलं, एका अटीवर: गोण्यांची वही आणि थांबवायचा अधिकार दोन्ही कायम ठेवायचे.

साहेबांनी बोर्ड काढला नाही, पण तीन नावं परत लिहिली नाहीत. भागवतांना आता तिन्ही शिफ्टमध्ये बोलावणं येतं. आठवड्यातून एक दिवस ते कुठल्या तरी मशीनपाशी उभे राहून शिकवतात, आणि शिकवून झालं की डायरी लोकांच्या हातात देतात. अक्षर लागत नाही म्हणून पोरं परत त्यांनाच विचारायला येतात. पंकजा पहिल्या दिवशी पहिली जाऊन बसली होती.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी ती शिफ्टवर आली तेव्हा चार नंबरच्या मशीनभोवती गर्दी होती. त्या मशीनचा माल आठ दिवस वाकडा येत होता. भागवत, कल्याण, दोन ऑपरेटर, आणि मधोमध छबूबाई, हातात वाकडं झाकण धरून काहीतरी ठासून सांगत असलेल्या. पंकजानं डबा बाकावर ठेवला आणि गर्दीत शिरली.